नॅरोबोटच्या सुट्टीचा शेवटचा दिवस: बोट वेळेत, धड आणि घाई न करता परत कशी द्यायची

इंग्लंडमधे नॅरोबोट (आत राहायची सोय असलेली लांब, अरुंद बोट) भाड्याने घेऊन आठवडाभर कॅनॉलवर फिरायचं ठरलं की सगळे पहिल्या दिवसाची तयारी करतात, लॉक (दोन्हीकडे दारं असलेलं, बोट पाण्यासकट वर-खाली नेणारं टाकं) कसं चालवायचं, टिलर (बोट वळवायचा मागचा दांडा) कुठल्या बाजूला ढकलायचा, गॅस कुठून बंद करायचा, आणि बेसवरची (बोट जिथून घेतो आणि जिथे परत देतो ती जागा) माणसं पण निघताना हेच सगळं समजावून सांगतात. शेवटच्या दिवसाबद्दल मात्र बहुतेक वेळा एकच वाक्य असतं, की सकाळी नऊपर्यंत बोट परत आणा. आता नऊ म्हणजे नऊला बेस दिसायला लागला असं नाही. नऊ म्हणजे बोट बांधलेली, बॅगा बाहेर काढलेल्या, भांडी धुतलेली, किल्ली त्यांच्या हातात. काही कंपन्या साडेनऊ देतात, काही त्याहून लवकर बोलावतात, तेव्हा तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते पहिल्याच दिवशी बघा आणि फोनमधे अलार्म लावून टाका.

एवढ्या सकाळी का बोलावतात ते कळलं की मग चिडायला होत नाही. त्याच दुपारी दुसरं कुटुंब त्याच बोटीवर राहायला येणार असतं, आणि मधल्या काही तासांत टॉयलेटची टाकी उपसायची, डिझेल-पाणी भरायचं, गॅसचे सिलेंडर बघायचे, इंजिन तपासायचं, चादरी बदलायच्या, आणि हे एका बोटीचं नाही, शनिवारी सकाळी अशा बऱ्याच बोटी एकदम येतात. तुम्ही दोन तास उशीर केलात की ते दोन तास पुढच्या माणसांच्या सुट्टीतून जातात, शिवाय उशिराचे पैसे लागतात ते वेगळेच.

म्हणून माझं अगदी ठाम मत आहे की बोटीच्या सुट्टीचा शेवटचा दिवस आदल्या दिवशी दुपारीच सुरू होतो, आणि शेवटच्या सकाळी फार तर तासाभराचं अंतर उरलेलं असावं, मधे एकही लॉक नसेल तर उत्तमच. असं ठेवलंत की मग सकाळी काहीही झालं, बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात प्लास्टिक अडकलं, धुकं पडलं, पोरं उठली नाहीत, तरी धावपळ होत नाही. आणि कॅनॉलवर धावपळ करायचीच नसते, तिथे अपघात होतात ते वेगामुळे नाही तर घाईमुळे होतात.

आता हिशोब कसा करायचा. कॅनॉलवर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे, पण तो वेग दिवसभर कधीच मिळत नाही, कारण बांधून ठेवलेल्या बोटींच्या बाजूने जाताना इंजिन अगदी मंद करावं लागतं (नाहीतर त्यांच्या दोऱ्या ताणून खुंट्या उपटून येतात), पुलाखाली, वळणावर थांबावं लागतं. त्यामुळे सोपी पद्धत अशी की राहिलेले मैल आणि राहिलेली लॉक यांची बेरीज करायची आणि तीनने भागायचं, येईल तेवढे तास. समजा बेस ९ मैलांवर आहे आणि मधे ६ लॉक आहेत, तर १५ भागिले ३, म्हणजे ५ तास. शिवाय लॉकवर रांग असली तर वेगळा वेळ, उन्हाळ्यात सुट्ट्यांच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी बेसच्या आसपासच्या लॉकवर हमखास रांग असते, कारण तुमच्यासारखेच सगळे परत निघालेले असतात. हा हिशोब शुक्रवारी सकाळी नाही, बुधवारी संध्याकाळीच करून बघा, कारण बुधवारी काहीतरी बदलता येतं, शुक्रवारी नाही येत.

ज्यांचा प्रवास जाऊन त्याच वाटेने परत यायचा आहे त्यांचं सोपं आहे, अर्धा वेळ संपायच्या आत बोट वळवायची. पण बोट कुठेही वळत नाही हे लक्षात ठेवा, नॅरोबोट रुंदीला जेमतेम ७ फूट असते पण लांबीला ५७, ६०, अगदी ७० फूट सुद्धा असते आणि कॅनॉल तेवढा रुंद नसतो, म्हणून वळायला मुद्दाम रुंद केलेल्या जागा असतात, त्यांना विंडिंग होल म्हणतात आणि नकाशात त्या दाखवलेल्या असतात. काही जागा छोट्या बोटींपुरत्याच असतात, तिथे ७० फुटी बोट आडवी अडकून बसते. म्हणजे वळायची जागा तुमच्या बोटीच्या लांबीला पुरेल ना, आणि ती चुकली तर पुढची किती मैलांवर आहे, एवढं आधी बघायचं. बेसवर शिरताना बोटीचं तोंड कुठल्या बाजूला हवं हेही निघतानाच विचारून घ्या, काही ठिकाणी बेसच्या पुढे जाऊन वळून परत यावं लागतं आणि तो अर्धा तास कोणीच हिशोबात धरत नाही.

लँगॉलेन कॅनॉलवर जाणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी. या कॅनॉलला चक्क प्रवाह आहे, डी नदीचं पाणी हॉर्सशू फॉल्सच्या बंधाऱ्यावरून आत घेतात आणि ते कॅनॉलमधून खाली हर्लस्टनच्या तलावापर्यंत जातं. त्यामुळे लँगॉलेनकडे चढताना बोट रखडते आणि परत येताना तीच बोट बरी पळते. परतीला कमी वेळ लागतो, पण म्हणून ग्रिंडली ब्रुकच्या लॉकवरची रांग कमी होत नाही, तिथे एकाला एक जोडलेली तीन लॉक आहेत आणि गर्दीच्या दिवसांत बराच वेळ थांबावं लागू शकतं.

रिंग करणाऱ्यांनी, म्हणजे गोल फिरून दुसऱ्या बाजूने परत येणाऱ्यांनी, जास्त सांभाळायला हवं, कारण अर्धं झाल्यावर मागे फिरण्यात काही अर्थच उरत नाही, पुढेच जावं लागतं. फोर काउंटीज रिंग घ्या, साधारण ११० मैल आणि ९४ लॉक, आठवड्यात होते पण रोज भरपूर तास चालवावं लागतं, आणि त्यात हेअरकासलचा बोगदा आहे, जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांब, एका वेळी एकाच दिशेने बोटी सोडतात आणि ते पण ठराविक वेळेतच. असा बोगदा किंवा मोठी लॉकची चढण शेवटच्या दीड दिवसात येत असेल तर दिशा उलटी धरा. केनेट अँड एव्हन कॅनॉलवर डिव्हायझेसजवळ केन हिलची २९ लॉक आहेत, तिथे अर्धा दिवस जातो आणि दुपारनंतर नवीन बोटी आत घेत नाहीत, म्हणजे उशिरा पोचलात तर ती रात्र तिथेच. वेळा आणि दुरुस्तीसाठी बंद असलेल्या लॉकच्या सूचना कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या साइटवर येतात, २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग हीच संस्था सांभाळते. रोज संध्याकाळी एकदा बघायची सवय ठेवा.

नदीचा भाग रस्त्यात असेल तर अजून एक दिवस हातचा ठेवा असंच मी म्हणेन. कॅनॉलचं पाणी बहुतेक ठिकाणी शांत असतं, नदीचं तसं नसतं, वरच्या भागात दोन दिवस पाऊस झाला की इथे ऊन असलं तरी पाणी चढतं. थेम्सवर लॉकपाशी बोर्ड लावतात, पिवळा म्हणजे प्रवाह वाढतोय किंवा कमी होतोय, लाल म्हणजे जोराचा प्रवाह, आणि लाल बोर्ड असताना भाड्याची बोट हलवायचीच नाही, मग तो शेवटचा दिवस का असेना. बोट सुरक्षित बांधायची, बेसला फोन करायचा, ते सांगतील तसं करायचं. पाण्यामुळे अडकलात तर त्यात तुमचा दोष नाही आणि बेसवाल्यांना हे चांगलं माहीत असतं, पण न विचारता प्रवाहात शिरलात तर जीवाशी खेळ आहे. थेम्सवर अजून एक, लॉकवर लॉककीपर असतात पण ते साधारण सकाळी नऊपासून, त्याआधी लॉक आपलं आपण चालवावं लागतं, म्हणजे सकाळी नऊला बेसवर पोचायचं असेल आणि मधे लॉक असेल तर ते आदल्या संध्याकाळीच पार करून घ्या. नदीत बांधताना बोटीचं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला.

आता आदली संध्याकाळ. चारच्या सुमाराला बांधायची जागा शोधायला लागा, बेसच्या जवळच्या चांगल्या जागा, विशेषतः पबसमोरच्या, लवकर भरतात. लॉकच्या तोंडाशी उतरण्या-चढण्यासाठी ठेवलेली जागा, पाण्याचा नळ, विंडिंग होल, आणि पुलाजवळचं वळण, इथे रात्रभर बांधायचं नाही.

बांधलं की सगळ्यात आधी आंघोळी उरकून घ्या. हे विचित्र वाटेल पण बोटीतलं पाणी इंजिनवर तापतं, दिवसभर इंजिन चाललेलं असतं त्यामुळे संध्याकाळी पाणी कडकडीत असतं, आणि सकाळी चार-पाच जणांच्या आंघोळी म्हणजे तासभर गेलाच. मग कॅसेटवालं (मैल्याची छोटी टाकी काढून नेता येते ते) टॉयलेट असेल तर ती कॅसेट एल्सन पॉइंटवर (ती ओतायची ठरलेली जागा) नेऊन रिकामी करा, जिथे मिळेल तिथे आदल्या दिवशीच, बेसच्या दारात रांगेत उभं राहून नाही. पंप-आऊटवालं (टाकी पंपाने उपसतात ते) टॉयलेट असेल तर ते काम बेसवाल्यांचं. जेवणात उरलंसुरलं संपवा, आणि फोडणीचं किंवा तळणीचं तेल सिंकमधे ओतू नका, बोटीच्या सिंकचं पाणी सरळ कॅनॉलमधे जातं आणि तिथे मासे, बदकं, हंस राहतात. तेल एखाद्या रिकाम्या बाटलीत भरून कचऱ्यात. लाकूड-कोळशाचा स्टोव्ह पेटवला असेल तर राख धातूच्या बादलीत काढून बाहेर, बोटीच्या आत कधीच नाही, विझल्यासारख्या दिसणाऱ्या राखेतून पण कार्बन मोनॉक्साइड येत असतो आणि तो वास येऊन कळत नाही.

बॅगा पण रात्रीच भरा, सकाळचे कपडे आणि चहाचं सामान तेवढं बाहेर. बोटीत सामान फार विचित्र ठिकाणी जातं, पलंगाखालचे कप्पे, पुढच्या डेकवरच्या पेट्या, पायरीच्या आतलं खण, चार्जर तर हमखास भिंतीलाच राहतो. आणि बोटीचं जे सामान आहे ते मोजून घ्या: विंडलस (लॉक फिरवायची ती किल्ली), खुंट्या, हातोडा, लांब काठी, फळी, लाइफबॉय, नळाची आणि पुलांची किल्ली. विंडलस बहुतेक लॉकच्या कठड्यावर विसरतात किंवा पाण्यात पडते. लोखंडी असेल तर लोहचुंबक दोरीला बांधून काढता येते, ॲल्युमिनियमची असेल तर गेलीच. हरवली असेल तर बेसवर सरळ सांगा, तिची किंमत फार नसते, पण न सांगता गेलात तर पुढची माणसं पहिल्याच लॉकवर अडकतात.

दिवस केव्हा उजाडतो हेही बघून ठेवा. जूनमधे पाचच्या आधी सूर्य उगवतो, काहीच प्रश्न नाही. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, घड्याळं बदलायच्या आधी, पावणेआठपर्यंत अंधारच असतो, आणि अंधारात भाड्याची बोट चालवायला जवळजवळ सगळ्या कंपन्यांची मनाई असते. अशा वेळी तासाभराचं नाही, वीस मिनिटांचं अंतर ठेवा.

सकाळी उठून इंजिन सुरू करायच्या आधी ऑइलची कांडी काढून बघायची, रोज बघता तसंच, शेवटचा दिवस म्हणून सोडायचं नाही. पंखा जड चालतोय असं आदल्या दिवशी वाटलं असेल तर वीड हॅच (पंख्याच्या वरचं झाकण) उघडून बघा, पण आधी इंजिन बंद आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात, मगच हात आत घालायचा, आणि झाकण परत नीट घट्ट बसलंय याची दोनदा खात्री, ते सैल राहिलं आणि इंजिन चालू केलं तर बोटीत पाणी शिरतं. शेजारी इतर बोटी असतील तर इंजिन सुरू करून अर्धा तास घरघर करत उभं राहू नका, लोक झोपलेले असतात, दोऱ्या सोडायची तयारी झाल्यावरच इंजिन लावा आणि निघा.

सकाळी लॉक असेलच तर त्याला पूर्ण वेळ द्या. खाली उतरताना वरच्या दाराच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो, त्याची खूण पांढऱ्या रेषेने भिंतीवर केलेली असते, बोटीचं मागचं टोक त्या रेषेच्या पुढेच राहिलं पाहिजे. पाणी उतरताना बोट उंबऱ्यावर टेकली तर पुढून बुडते आणि हे काही मिनिटांत होतं. दोऱ्या कुठेही घट्ट बांधून ठेवायच्या नाहीत. टिलरवरच्या माणसाला पॅडल (लॉकमधलं पाणी सोडायची झडप) फिरवणारा माणूस दिसला पाहिजे आणि काही अडकलं तर पॅडल लगेच बंद. आठवडाभर लॉक करून हात बसलेला असतो, म्हणूनच शेवटच्या दिवशी माणसं गप्पा मारत, फोटो काढत पॅडल उघडतात. बाहेर पडल्यावर पॅडल खाली, दारं बंद, मग पुढे.

लँगॉलेन कॅनॉलवरचा ट्रेव्हरचा बेस असेल तर शेवटच्या सकाळी एक फार सुंदर गोष्ट करता येते. आदली रात्र फ्रोनकसिल्टेच्या बाजूला काढायची आणि सकाळी पाँटकसिल्टेचा जलसेतू ओलांडून बेसवर यायचं. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांचं हे काम, १८०५ मधे खुलं झालं, १९ कमानी, सुमारे ३०७ मीटर लांब, डी नदीच्या वर ३८ मीटर, आणि २००९ पासून जागतिक वारसा यादीत. ओतीव लोखंडाचा पन्हाळ आहे, बोट त्यात जेमतेम बसते, एका बाजूला चालायची वाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, बोटीच्या काठावरून थेट खाली दरी दिसते. सकाळी लवकर गर्दी नसते, मंद इंजिनवर पाच-दहा मिनिटं, कोणी काही बोलत नाही इतकं छान असतं ते. फक्त लहान मुलं आणि कुत्री आत किंवा कोणाच्या तरी हाताला, आणि समोरून बोट आधीच वर चढलेली असेल तर आपण थांबायचं.

बेसवर पोचताना बोट पार्क करायचा भाग लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो, कारण बाकीच्या बोटी चिकटून उभ्या असतात आणि सगळे बघत असतात. खरं सांगायचं तर तुम्ही त्या चिंचोळ्या जागेत बोट घातलीच पाहिजे असं काही नाही. जागा अवघड वाटली, वारा असला, तर बेसच्या अलीकडे टो-पाथला (कॅनॉलच्या काठची पायवाट) बांधा आणि एकाला चालत पाठवून सांगा, ते लोक येऊन बोट घेऊन जातात, त्यांचं रोजचं काम आहे. स्वतः आणायचीच असेल तर लांबूनच वेग काढा, लहान कोनातून पुढचं टोक काठाकडे, न्यूट्रल, मग थोडं रिव्हर्स मारून थांबवा. रिव्हर्समधे टिलर जवळजवळ काम करत नाही आणि मागचं टोक एका बाजूला सरकतं, हे आठवड्यात कळलंच असेल. मधली दोरी हातात घेऊन पाय टाकून उतरायचं, उडी नाही. आणि बोट आणि काठ यांच्या मधे हात-पाय घालून बोट अडवायला कोणीही जायचं नाही, बोटीचं वजन १५ टनांच्या घरात असतं, रंग खरवडला तर परत लावता येतो.

इंजिन बंद करताना स्टॉप बटण किंवा खेचायची मूठ असेल तर आधी इंजिन थांबवा, मग किल्ली फिरवा, चालू इंजिनवर किल्ली बंद केली की अल्टरनेटर खराब होऊ शकतो. मागच्या शाफ्टचा ग्रीसचा स्क्रू रोज फिरवत असाल तर आज पण फिरवा. सफाई किती करायची ते कंपनीवर आहे, साधारण भांडी धुतलेली, फ्रीज रिकामा, कचरा बाहेर, केर काढलेला एवढं पुरतं, चादरी काढून ठेवायच्या का ते विचारा.

जे काही बिघडलंय ते सगळं सांगा. पंप आवाज करतोय, एक खिडकी गळते, कुठे तरी जोरात आपटली होती, सगळं. आपटल्याचं सांगितलं तर डिपॉझिट जाईल अशी भीती वाटते, पण नॅरोबोट लोखंडी असते, घासणं-आपटणं त्यांनी धरलेलंच असतं, आणि गळती वगैरे कळली नाही तर पुढच्या कुटुंबाला त्रास होतो. डिझेल तासावर मोजत असतील तर मीटरचा आकडा त्यांच्यासोबत उभं राहून बघा, डिपॉझिट परत कधी आणि कसं येणार ते तिथेच विचारून घ्या.

परतीची ट्रेन अकराच्या आतली घेऊ नका, आणि ठराविक गाडीचं स्वस्त ॲडव्हान्स तिकीट काढताना तर दुपारचंच काढा, ती गाडी चुकली की ते तिकीट दुसऱ्या गाडीला चालत नाही. बरेच बेस स्टेशनपासून लांब, खेडेगावात असतात, टॅक्सी आदल्या दिवशी फोन करून ठरवून ठेवा.

आणि घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत कोणाला अचानक ताप, अंगदुखी, डोकेदुखी, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना आपण कॅनॉलवर होतो हे आवर्जून सांगा, विशेषतः कोणी पाण्यात पडलं असेल किंवा हाताला जखम असताना ओल्या दोऱ्या ओढल्या असतील तर. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टो तिथेही असतो, प्रमाण कमी आहे, पण डॉक्टरांना पाण्याचं माहीत नसेल तर ते साधा फ्लू समजतात, आणि या आजारावर अँटिबायोटिक्स लवकर सुरू झालेले बरे.